रोटेशन पॉलिसी आणि मखमली पडदा

बायकोला एक दुपार झोपू द्यावं, एवढाच माझा निर्णय होता. यात कुणाचं काय बिघडलं असतं, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला विचारतो आहे. (लोक शांतपणे ऐकून घेतात आणि 'वहिनी आता कशा आहेत?' असं विचारून निघून जातात.)

हा निर्णय मी माझ्या अकलेने घेतला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आमच्या घरच्यांचा एक आवडता मुद्दा निकालात निघेल. तो मला फुटबॉलने शिकवला. माझी अंगकाठी पाहिलेल्यांना हे वाक्य जरा जड जाईल. खरा फुटबॉल मी आयुष्यात एकदाच अडवला आहे, शाळेत असताना, मैदानाच्या कडेने डबा घेऊन जाताना, नाकाने. पण कॉम्प्युटरवर मी एका क्लबचा मॅनेजर आहे. या खेळात पळावं लागत नाही. कुणी पळायचं, कुणी बसायचं आणि कुणाला मधेच बाहेर काढायचं, हे खुर्चीत बसून ठरवायचं असतं. म्हणजे देवाने तो माझ्यासाठीच काढला आहे. ऑफिसात जावक विभागात दिवसभर टपालावर शिक्के मारतो तेव्हा माझ्या हाकेला शिपाईसुद्धा ओ देत नाही. इथे मी एक बोट हलवलं की गोलकीपर मुकाट्याने बाहेर जातो.

या खेळात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक छोटी पट्टी असते. गडी ताजा असला की हिरवी, दमला की पिवळी आणि पार गळाठला की लाल. सुरुवातीला मी या पट्टीकडे ढुंकूनही पाहत नसे. चांगले अकरा निवडायचे आणि त्यांनाच प्रत्येक मॅचला जुंपायचं, हा माझा खाक्या. मग कपची सेमीफायनल आली. आमचा नऊ नंबरचा फॉरवर्ड, माझा उजवा हात, लाल पट्टी घेऊन मैदानात उतरला आणि पहिल्याच धावेला मांडी धरून खाली बसला. आम्ही हरलो, तेही तळाच्या टीमकडून. मी दोन घास कमी जेवलो. त्या दिवसापासून मी रोटेशनचा भक्त झालो. दमलेल्याला बसवा, ताज्याला खेळवा. या एका वाक्यात सगळं व्यवस्थापनशास्त्र आलं.

आमच्या कन्यारत्नाला मात्र याचं काही कौतुक नाही. ती कॉलेजात जाते आणि तिथे बहुधा बापाला टोचून बोलण्याचा वेगळा तास असतो. "बाबा," ती म्हणाली, "त्या नऊ नंबरला तुम्ही काल 'आज आराम कर हं बाळा' म्हणालात. मला ताप होता तेव्हा 'लेक्चर बुडवू नकोस' म्हणाला होतात."

"तुझ्या नावापुढे पट्टी नव्हती," मी म्हणालो. (यात मी चूक काय बोललो?)

आता बायकोकडे येतो. ती घरी शिवणकाम करते. इतकी वर्षं म्हणजे पँटच्या चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, जाड झालेल्यांचे कपडे सैल करणं आणि त्यांना 'कापडच आटलंय हो' असं गोड खोटं सांगणं. पण या वेळी एका शाळेने नवीन सभागृह बांधलं, आणि तिथल्या मुख्याध्यापिकांनी मोठ्या डेकोरेटरला डावलून स्टेजचा पडदा शिवायचं काम हिला दिलं. गडद लाल मखमलीचा पडदा. हा जमला तर त्याच संस्थेच्या आणखी शाळांची कामं मिळणार होती. "हा पडदा नीट झाला ना," ती मला म्हणाली होती, "की मी चेनवाली बाई राहणार नाही." ती असं काही सहसा बोलत नाही. मागणं, हट्ट, रुसवा ही सगळी खाती आमच्या घरात माझ्याकडे आहेत.

मखमल घरी आली आणि आम्ही घराबाहेर व्हायचंच तेवढं बाकी राहिलं. मधल्या खोलीतला सोफा गॅलरीत गेला. जेवायला बसायचं तर आधी पडदा उचलायचा, मग ताट ठेवायचं. बायको सकाळपासून कापत होती, मोजत होती, प्रत्येक उभ्या तुकड्याच्या मागे खडूने काहीतरी खुणा करत होती. एका सकाळी तिने दुधाचं पातेलं शिलाई मशीनजवळ ठेवलं आणि कात्री फ्रिजमध्ये. मी तिच्याकडे पाहिलं. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. मला तिच्या डोक्यावर चक्क लाल पट्टी दिसली.

"अगं, तू आज दुपारी झोप," मी म्हणालो.

"आणि पडदा कोण शिवेल? तुमचा नऊ नंबर?"

"मावशी आहेत की."

मावशी म्हणजे तिच्या मदतनीस. सरळ शिवणीवर त्यांचा हात चांगला बसलेला. बायकोने जरा विचार केला. ती विचार करते आहे याचंच मला नवल वाटलं, इतकी ती दमली होती. "कापून सगळं झालंय," ती म्हणाली. "नुसते तुकडे एकमेकांना जोडायचेत. मावशी करतील तेवढं. मी तासभर पडते. तुम्ही फक्त एक करा. कशालाही हात लावू नका."

"लावणार नाही," मी म्हणालो. आणि हा शब्द मी अक्षरशः पाळला. मॅनेजर कधी चेंडूला पाय लावतो का?

बायको झोपली. मी तिच्या मोबाइलचा गजर हळूच बंद केला, कारण अर्धवट विश्रांती ही विश्रांतीच नव्हे. मग मावशींकडे पाहिलं तर त्या एका हाताने कंबर दाबत सुईत दोरा ओवत होत्या. पट्टी पिवळी! आज पिवळी म्हणजे उद्या लाल.

"मावशी, तुम्हीही घरी जा. आराम करा."

"मी? मला काय धाड भरलीय, दादा? बसल्या जागेचं काम."

"बसल्या जागीच माणूस दमतो," मी म्हणालो. (हे मी जावक विभागाच्या अनुभवावरून बोललो.)

"ताई रागावतील."

"ताईंना मी सांगतो."

मावशी घुटमळल्या. मग त्यांनी माझा तळवा धरून मखमलीवर ठेवला. "हे बघा, असा हात फिरवला की मऊ लागतं आणि असा उलटा फिरवला की खरखरीत. कापडाची लव आहे ही. नीट बघून जोडा, म्हणजे झालं."

"हो हो," मी म्हणालो. मॅनेजरांना असं पुष्कळ ऐकावं लागतं. त्या वेळी माझ्या डोक्यात बदली खेळाडूचा विचार घोळत होता. मावशींचा चेहरा मात्र एकदम उजळला. "मग मी बहिणीकडे जाऊन येते. केव्हाची बोलावतेय बिचारी," असं म्हणत त्या गेल्यासुद्धा.

बदली खेळाडू घरातच होता. आमचे तीर्थरूप! अण्णा आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त करून रिटायर झाले आणि तेव्हापासून बेंचवर बसून होते. पट्टी हिरवीगार. सुनेच्या शिलाई मशीनकडे ते बरेच दिवस चोरट्या नजरेने पाहत होते, हे मला ठाऊक होतं. मी नुसतं विचारायचा अवकाश, त्यांनी चष्मा पुसला.

"तुम्हाला जमेल ना, अण्णा?"

"अरे, मोटर म्हणजे मोटर. ती पाणी ओढते का सुई, तिला काय कळतंय?"

कन्यारत्न मोबाइल घेऊन रिकामं बसलं होतं. रिकामा खेळाडू संघाची शिस्त बिघडवतो. मी तिला तुकड्यांच्या मागचा खडू झटकायला सांगितलं.

"बाबा, हे बाण आहेत. आईने काढलेत. काहीतरी कारण असेल."

"कापायच्या वेळचे असतील. आता कापून झालं ना? ऑफिसात कागद जावक झाला की पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकतात. काम झालं की खुणा ठेवू नयेत, नाहीतर पुढचा माणूस गोंधळतो."

तिने खांदे उडवले आणि ब्रश घेतला. चांगलं काम करते पोरगी, मनावर घेतलं तर. एकाही तुकड्यावर खडूचा कण राहिला नाही.

अण्णांनी मग तुकडे मांडले. पहिला सुलटा, दुसरा उलटा, तिसरा सुलटा, चौथा उलटा. "असं का?" मी विचारलं. "ताण सारखा वाटला जातो," अण्णा म्हणाले. "पंपाच्या झाकणाचे नटसुद्धा समोरासमोरचे आवळायचे असतात, ओळीने नव्हे. ओळीने आवळलेत की झाकण एका बाजूला ओढलं जातं." माझा ऊर भरून आला. इतका विचार करणारा माणूस आपण बेंचवर कुजवला! मशीन घरघरलं. अण्णांनी मारलेली टीप अशी सरळ की ओळंबा लावून घ्यावा.

दिवेलागणीला बायको धडपडत उठली. "अगंबाई, किती वेळ झाला! मावशी? मावशी कुठायत?"

"मावशींना मी विश्रांती दिली."

तिचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात अण्णांनी घडी घातलेला पडदा पुढे केला. "सूनबाई, टीप बघ."

तिने ट्यूबलाइटखाली धरून एकेक शिवण बोटाने चाचपली. वर खाली पाहिलं, ओढून पाहिलं. शिवणीत काही खोट नव्हती. मग ती तिथेच मखमलीच्या ढिगावर बसली. "अहो," ती म्हणाली, "मला 'झोप' म्हणून कुणी सांगितलं त्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. बरं वाटलं हो." खरं सांगतो, लग्नानंतर मला स्वतःबद्दल इतकं चांगलं पहिल्यांदाच वाटलं. मग मी अण्णांना आणि कन्येला समोर बसवून यशस्वी व्यवस्थापनावर जरा सविस्तर बोललो.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून पडदा टांगायला शाळेत गेलो. (मी ऑफिसात फोन करून रजा मागितली. साहेब म्हणाले, "तुम्ही नसलात तर टपाल वेळेवर जाईल. खुशाल घ्या.") सभागृह नवंकोरं, रंगाचा वास येत होता. शिडीवरच्या माणसांनी पडदा चढवला. मुख्याध्यापिका अंगाने लहान आणि आवाजाने मोठ्या अशा बाई होत्या. त्यांनी लांबून पाहून मान डोलावली. बायको ओठ चावत उभी होती, पण डोळ्यांत चमक होती.

"स्टेजचे दिवे लावून बघू का?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

"लावा की," मी म्हणालो. (हेही मीच.)

दिवे लागले. पहिला तुकडा गडद, जवळजवळ काळपट लाल. दुसरा झगझगीत तांबडा. तिसरा काळपट. चौथा तांबडा. टोकापर्यंत एकाआड एक असे उभे पट्टे. मी थक्क झालो, कारण असे पट्टे मी रोज स्क्रीनवर पाहतो.

"अरे वा!" माझ्या तोंडून निघून गेलं. "अगदी आमच्या क्लबची जर्सी!"

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. मग बायकोकडे. "पट्टे असावेत असं ठरलं होतं का आपलं?"

बायको सरळ स्टेजवर चढली. तिने पहिल्या तुकड्यावरून वरून खाली हात फिरवला. दुसऱ्यावरून फिरवला. मऊ, खरखरीत. मऊ, खरखरीत. लव उलटी लागली की दिव्यात रंगही वेगळा दिसतो, हे मला तेव्हा कळलं. मग तिने पडद्याची मागची बाजू उलटून पाहिली.

"लव दाखवणारे बाण कुठे गेले?" तिने विचारलं.

कन्यारत्नाने माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इलेक्ट्रिशियन मला ओळखतही नव्हता, पण त्यानेही माझ्याकडेच पाहिलं. संघभावना म्हणतात ती हीच.

"उद्या संध्याकाळी उद्घाटन आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मी त्या डेकोरेटरना फोन करू का?"

"नको," बायको म्हणाली. "उद्या दुपारी पडदा टांगलेला असेल." आवाज अगदी स्थिर होता. मखमलीची कड मात्र तिने मुठीत घट्ट आवळली होती. ते मला दिसलं. विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं तिने लोकांच्या चेन बसवल्या त्या या एका दिवसासाठी, आणि तो दिवस मी तिला विश्रांती देऊन घालवला होता.

मावशींना फोन लावला. "दादांनीच सांगितलं ना आराम करा म्हणून?" त्या बहिणीच्या घरून आनंदाने ओरडल्या. "परवा येते!"

मशीन सभागृहातच आणलं. बायकोने शिवण उसवायचं टोकदार हत्यार माझ्या हातात दिलं. "ओढायचं नाही. मखमल फाटते. एकेक टाका तोडायचा. आता हात लावायला माझी परवानगी आहे." मी खाली मांडी घातली आणि पहिल्याच शिवणीला मला माझ्या जन्मदात्याची खरी ओळख पटली. त्यांनी टाके इतके बारीक घातले होते की पडद्यातून पाण्याचा थेंब गळू नये.

"अण्णा, एवढं घट्ट कशाला?"

"पॅकिंग सैल ठेवायचं नसतं," अण्णा बाजूच्या खुर्चीवरून म्हणाले. त्यांना पश्चात्ताप वगैरे काही झालेला नव्हता. त्यांच्या मते दोष दिव्यांचा होता.

मी उसवत गेलो, कन्या हात फिरवून नव्याने बाण काढत गेली, बायको जोडत गेली. माझ्या अंगठ्याला फोड आला, पाठ आखडली, एक पाय माझा आहे की शाळेचा हे कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची पट्टी दिसली.

"अगं," मी म्हणालो, "मी लाल झालोय. मला बदली खेळाडू मिळेल का?"

तिने मशीनवरून मान न उचलता विचारलं, "बेंचवर कोण आहे बघा."

मी मागे वळून पाहिलं. सभागृहभर नव्या कोऱ्या खुर्च्यांच्या रांगा होत्या, आणि त्यांतल्या फक्त एका खुर्चीत अण्णा झोपले होते. मी पुन्हा टाके तोडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा टांगला गेला. दिवे लागले. आता मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग होता. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि "हं, आता बरोबर," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी समारंभात तो पडदा सरकला तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्या मुलांच्या नाचाला होत्या म्हणे, पण बायको शेवटच्या रांगेमागे उभी राहून डोळे पुसत होती. बाहेर पडताना मुख्याध्यापिकांनी तिला थांबवलं. संस्थेच्या दुसऱ्या दोन शाळांचे पडदे तिने शिवावेत, असं त्यांनी सांगितलं. "फक्त," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "टीम जरा बघून घ्या."

घरी आल्यावर टीम जाहीर झाली. मावशी पक्क्या. अण्णा मशीनवर कायम, पण टाक्याची लांबी बायको ठरवणार. कन्येकडे मोजमाप आणि खडू.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्हाला विश्रांती."

मी समाधानाने पाय पसरले. शेवटी पॉलिसी पटली तर!

"बाबा," कन्या म्हणाली, "याला विश्रांती म्हणत नाहीत. याला वगळणं म्हणतात."

पण वगळलेल्या माणसाने घरात बसून राहावं हेही बायकोला मान्य नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीचं त्याच आठवड्यात घर बदलणं चाललं होतं. "तुमच्या त्या खेळात," बायकोने विचारलं, "नको असलेला खेळाडू काही दिवस दुसऱ्या क्लबला वापरायला देतात ना?"

"देतात की. लोनवर. त्याला अनुभव मिळतो, त्यांची अडचण भागते, आणि मुदत संपली की तो परत येतो."

"मग रविवारपर्यंत जा तिच्याकडे. सामान हलवायला लागा."

मी गेलो. मेहुणीने प्रेमाने स्वागत केलं. हमालांबरोबर उभं राहायचं आणि नीट लक्ष ठेवायचं, एवढं सोपं काम तिने मला दिलं. ते बिचारे लोखंडी कपाट घेऊन जिना चढत होते. घामाने डबडबलेले, पाय लटपटत होते, आणि चेहरे तर असे लालेलाल की विचारू नका. माझ्यासारख्या तत्त्वाच्या माणसाने काय करायचं, तुम्हीच सांगा.

मी खालच्या नळावर हातपाय धुऊन येईपर्यंत मेहुणी वरच्या मजल्यावरून फोनवर बोलत होती. फोनचा स्पीकर चालू असावा, नाहीतर बायकोचा आवाज मुळातच तेवढा असावा.

"ताई, मी भावोजींना आत्ताच परत पाठवतेय. त्यांनी हमालांना आराम करायला सांगितलं, तर सगळे निघून गेले. कपाट जिन्यात अडकलंय, आणि मी त्याच्यामुळे वरच्या मजल्यावर अडकलेय."

"अगं बाई!" बायको म्हणाली. "मग त्यांच्या बदल्यात कुणाला पाठवू?"

"कुणी नको गं," मेहुणी म्हणाली. "एक माणूस कमी असला तरच आमचं काम होईल."